ये-रिनचा रंग

दक्षिण कोरियातल्या मोक्पो बंदराच्या मागच्या गल्लीत प्यो मी-जंगचा फोटो स्टुडिओ होता. आसपासच्या बेटांवरच्या मुलांना नोकरीच्या अर्जासाठी फोटो लागला की ती तिच्याकडेच यायची. तिचे वडील निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून चेहरे गुळगुळीत करायचे. मी-जंग तेच काम संगणकावर करी. उजेड वाढवायचा, रापलेपणा काढायचा, डोळ्यांखालची काळी वर्तुळं पुसायची, कॉन्ट्रास्ट चढवून डोळ्यांत चमक आणायची. काम झालं की मूळ फोटोवरच सेव्ह करून टाकायचं. आधीचा चेहरा हवाय, असं सांगत आजवर कुणी परत आलं नव्हतं.

तिची मुलगी राजधानीत, सोलला असे. फोन उचलला नाही की मी-जंगचा जीव खालीवर होई.

त्या दुपारी गू सून-दोक दारात उभी राहिली. पायात रबरी बूट, अंगाला शेवाळाचा वास. बेटावर समुद्री शेवाळ वाळवून बाजारात विकणारी बाई.

"आमच्या ये-रिनचा फोटो मोठा करून दे. चौकटीतला."

"लग्न ठरलं की काय, काकू?" मी-जंगने मान वर न करताच विचारलं.

"काळी फीत लावायचीय."

मी-जंगने मान वर केली. सून-दोकने सांगितलं, ये-रिनला सोलमध्ये रस्ता ओलांडताना गाडीने उडवलं होतं. तिला इथल्या इस्पितळाच्या अंत्यसंस्कारगृहात आणलं होतं आणि संध्याकाळपासून माणसं भेटायला येणार होती. मी-जंगने ये-रिनचा नोकरीच्या अर्जाचा फोटो शोधला. पडद्यावर मुलगी आली: तांदळाच्या पिठासारखी पांढरी, भुवया एकसारख्या, हनुवटी निमुळती.

सून-दोक पडद्याजवळ वाकली.

"ही कोण?"

"काकू, ये-रिनच आहे."

"ही कुठल्या जाहिरातीतली बाई असेल. माझी पोर कुठंय?"

मी-जंगच्या जिभेवर उत्तर आलं होतं. फोटो काढला त्या दिवशी खुर्चीमागे उभं राहून हीच म्हणत होती, "अजून उजळ कर गं. नाहीतर सोलवाले म्हणतील, बेटावरून वाळवणवालीच उचलून आणली." आणि ये-रिन खिदळत होती, "आई, एवढं पांढरं केलंस तर मला रोज पिठाच्या डब्यात तोंड घालून ऑफिसला जावं लागेल!"

मी-जंगने ते उत्तर गिळलं.

"मूळ फोटो नाही राहिला, काकू. तुमच्या फोनमधला एखादा द्या."

सून-दोकने फोन पुढे केला. लेकीने पाठवलेले सगळे फोटो ॲपने गुळगुळीत केलेले. एका फोटोत तर डोक्यावर सशाचे कान होते.

"पुसलंस तूच ना? मग तूच परत काढ," सून-दोक म्हणाली. "लोक तिच्या फोटोपुढे वाकतील. कुणा परकीपुढे वाकायला लावू का त्यांना?"

मी-जंगने उजेड खाली आणला. चेहरा राखेसारखा झाला. तांबूसपणा घातला तर ताप आल्यासारखा दिसू लागला. पांढऱ्यावरून मागे जायला वाटच नव्हती.

"किती सावळी होती, सांगता येईल?"

सून-दोकने बाही कोपरापर्यंत सारली आणि आपला हात पडद्याला लावून धरला. "अशी. लोक म्हणायचे, एकाच वाळवणावरच्या दोघी."

मग मी-जंग त्या हाताकडे बघत रंग चढवत गेली. गालांवर जास्त, कपाळावर कमी, कारण शेवाळ उलटताना पोर डोक्यावर फडकं बांधायची. सून-दोकचा हात भरून आला, पण तिने तो खाली घेतला नाही.

"भुवईत चीर होती. दाराच्या चौकटीवर आपटली होती लहानपणी."

मी-जंगला आठवलं, ती चीरही तिनेच बुजवली होती. तिने एक रेघ ओढली.

"जरा बाहेर." रेघ सरकली. "अजून थोडी. हां." सून-दोकने हात खाली घेतला. "आता आली बघ. उठवलं की अशीच बघायची माझ्याकडे, रागानं."

ती ये-रिन होती का, मी-जंगला ठाऊक नव्हतं. चीर अंदाजाची होती, रंग आईचा होता. मी-जंगला एवढंच देता येत होतं.

संध्याकाळी ती अंत्यसंस्कारगृहात गेली. पांढऱ्या शेवंतीच्या फुलांच्या मधोमध फोटो होता. ये-रिनच्या ऑफिसातल्या मैत्रिणी दारात थबकल्या, पुन्हा नावाची पाटी वाचून आत आल्या. नात्यातली एक बाई कुजबुजली, "अगं, जरा चांगला फोटो नाही मिळाला? किती काळी दिसतेय!"

"उन्हात माझ्याबरोबर असायची," सून-दोक म्हणाली, आणि भेटायला आलेल्यांना वाढायच्या गरम रश्शाचा वाडगा त्या बाईपुढे सरकवला. "जेव."

मी-जंगने फोटोपुढे कपाळ टेकवलं. बाहेर येऊन लेकीला फोन लावला.

"काय झालं, आई?"

"काही नाही. तुझा एक फोटो पाठव. काही न करता काढलेला."

"आत्ता? शी, तोंड बघ माझं, दिवसभराची दमलेय."

"तसाच पाठव," मी-जंग म्हणाली, आणि फोन हातात धरून पायरीवर वाट बघत बसली.