दाराशेजारचं चित्र

काकांनी एक डोळा मिटायचा, अंगठा पुढे धरायचा आणि म्हणायचं, ‘जरा डावीकडे घे गं.’ मी शिडीवर, हात भरून आलेले. चित्र डावीकडे घेतलं की लगेच, ‘आता थोडं उजवीकडे.’ अहो, एकदाच काय ते सांगा ना! पण काका इतके खुशीत असायचे की चिडायची सोय नव्हती.

वर्तकनगरच्या आमच्या वसाहतीत दिवाळीच्या सुट्टीत चित्रांचं प्रदर्शन भरतं, ते या काकांमुळे. स्वतः कधी ब्रश धरला नाही. कोलशेतच्या कारखान्यातून रिटायर झाले आणि घरोघर फिरून चित्रं गोळा करायला लागले. ‘काढलंय ना? मग आण!’ नाही म्हणणं त्यांना जमायचंच नाही.

नियम मात्र एक पक्का. सगळ्यात फसलेलं चित्र हॉलच्या दाराशेजारी. ‘चांगलं चित्र लोक कोपऱ्यातही शोधतात गं. याला नको का पुढची जागा?’ एका वर्षी तिथे माझा मोर लागलेला. आठवडाभर मी त्यांच्याशी धड बोलले नाही.

यंदा काका नाहीत. म्हणून सगळ्यांनी काकांचंच चित्र काढायचं ठरलं. उद्घाटनाच्या सकाळी काकू आल्या. ‘ह्यांना दुसरा उद्योग नाही’ म्हणण्यात ज्यांचा जन्म गेला, त्या काकू! पिशवीतून हळूच कागद काढला.

‘मीपण काढलंय. हसू नका हं. चालत नसेल तर परत नेते.’

एक डोळा मिटलेले काका. अंगठा नाकाहून मोठा, कान एकच.

दाराशेजारी सेक्रेटरींनी काकांचा हार घातलेला फोटो लावलेला. म्हणाले, ‘पाहुणे येतायत. काकूंचं आत लावू कुठेतरी.’

माझं डोकंच फिरलं. ‘ज्यांच्यासाठी एवढं चाललंय, त्यांचा एक नियम पाळवत नाही तुम्हाला?’ फोटो उतरवून टेबलावर ठेवला आणि शिडीवर चढून तिथे काकूंचं चित्र टांगलं.

काकूंना नियम ठाऊक होता.

‘म्हणजे माझंच सगळ्यात वाईट का गं?’

‘हो, काकू.’

त्यांचे डोळे भरून आले आणि त्यातच हसूही फुटलं. काका गेल्यापासून त्यांना हसताना मी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी एक डोळा मिटला, अंगठा पुढे धरला.

‘जरा डावीकडे घे गं.’

मी घेतलं, आणि शिडीवरच थांबले. आता उजवीकडे घ्यायला लागणार, हे काय मला सांगायला हवं?