मशीनची दृष्ट

शुद्धता ही तपश्चर्या आहे. आमच्या कारखान्याच्या फाटकावर हे वाक्य पितळी अक्षरांत बसवलेलं होतं, आणि त्यातला ‘शु’ दीर्घ होता.

कारखाना म्हणजे किकवीजवळ, हायवेपासून जरा आत असलेली पत्र्याची शेड. तिथे आम्ही तांदळाच्या कणीपासून साखर करायचो, ती जिवाणूंना खाऊ घालायचो आणि त्यांच्याकडून औषधात लागणारं एक अमिनो आम्ल काढून घ्यायचो. त्यात मीठ फार यायचं. ते काढायला एक यंत्र होतं: पातळ पडद्यांची चळत आणि तिच्या दोन टोकांना वीज. मिठाचे कण विजेच्या ओढीने पडद्यांतून बाहेर जातात. आमचं आम्ल मात्र, आंबटपणा नेमका राखला तर, कुठल्याच टोकाकडे सरकत नाही. कुठल्याच बाजूला न ओढला जाणारा माणूस मला तालुक्यात भेटला नव्हता, त्यामुळे या पदार्थाबद्दल मला आदर होता.

पण लागोपाठ दोन नमुने नापास झाले होते. मीठ जास्त. तिसराही गेला तर गिऱ्हाईक जाणार आणि शेडला कुलूप लागणार, असं मालकांनी सांगून ठेवलं होतं. तपासणीचं काम माझं. मी पडदे सोडवून पाहिले, पंप बदलला, एक मीटर दुसऱ्या मीटरने तपासला. संध्याकाळी यंत्र थांबवताना मीटर म्हणायचा, मीठ गेलं. सकाळी साठवणटाकीतला नमुना म्हणायचा, आलं.

टाक्या धुणाऱ्या मावशी उत्रोलीहून यायच्या. त्यांचं निदान तयार होतं.

“सायेब, मशीनला नजर लागती. पाव्हणे आले की बिघडतंय बगा.”

“मावशी, लोखंडाला कसली नजर?”

“मग नव्या टेम्पोला लिंबू-मिरची कशापायी बांदत्यात? चटणी कराया?”

मी हसलो आणि नंतर गुपचूप वही उघडली. दोन्ही नापास नमुने पाहुणे येऊन गेल्याच्या दुसऱ्या सकाळचे होते. हार, नारळ, यंत्रासमोर फोटो, ‘वा, काय मशीन आहे!’ आणि मग मीठ. आयुष्यभर अंधश्रद्धेविरुद्ध वाचन केलेल्या माणसाला स्वतःच्याच अक्षरातली वही मावशींच्या बाजूने साक्ष देताना पाहावं लागलं.

तिसरा नमुना जायच्या आदल्या दिवशी मालक पुन्हा पाहुणे घेऊन आले. मी फोटोला गेलो नाही. कणीच्या पोत्यांमागे स्टूल टाकून बसलो, आणि पाहुणे गेल्यावरही उठलो नाही.

पाचच्या सुमारास यंत्रातून निघालेला तयार माल पाइपातून साठवणटाकीत पडत होता. मावशी आल्या. इकडेतिकडे पाहून त्यांनी पदराची गाठ सोडली, मूठभर खडेमीठ घेतलं आणि यंत्रावरून तीनदा ओवाळलं. “आल्या-गेल्याची, पाव्हण्या-रावळ्याची...” असं पुटपुटत त्यांनी मूठ पाइपाच्या धारेत सोडली.

“मावशी!”

“आगं बया! वरडताय कशाला?”

“मीठ कुठं टाकलंत?”

“वाहत्या पाण्यात. दिष्टीचं मीठ वाहत्या पाण्यातच सोडायचं असतंय.”

“ते पाणी नाही, तो माल आहे!”

त्यांनी वाकून टाकीत पाहिलं. माल पाण्यासारखाच नितळ होता. त्याचं श्रेय यंत्राचं.

“मग हितं वाहतं पाणी हाय कुठं? नळ तर दिसाआड येतोय.”

हेही खरं होतं. दिवसभर हे यंत्र मीठच बाहेर काढतं, हे मी समजावून सांगितलं तेव्हा त्या पालथ्या बादलीवर बसल्या.

“म्हंजे म्याच बिघडवलं व्हय?”

मी ‘हो’ म्हणालो. त्याहून मऊ शब्द तेव्हा सुचला नाही.

यंत्राची एक गोष्ट चांगली असते: मीठ कोणाचं, हे ते विचारत नाही. नमुना न्यायला टेम्पो दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला येणार होता. सकाळी सहाला आम्ही दोघांनी टाकीतला सगळा माल परत यंत्रातून फिरवायला लावला. मीटरचा आकडा सुरुवातीला भरभर उतरला, मग रेंगाळू लागला. मावशी पापणी न हलवता त्याच्याकडे बघत उभ्या होत्या. खरी नजर आता लागेल असं वाटत होतं.

“आजून किती?”

“थोडं.”

“मगाशी बी थोडंच व्हतं.”

साडेअकराला आकडा मर्यादेखाली आला. मी नमुना भरला, टाकीला झाकण लावलं, झाकणाला कुलूप घातलं आणि किल्ली मावशींकडे दिली.

नमुना पास झाला. मालकांना आधीच्या दोन नमुन्यांचा लेखी खुलासा हवा होता. खरं सविस्तर लिहिलं असतं तर मावशी दुसऱ्या दिवशी कामावर नसत्या. खुलाशाच्या छापील फॉर्मात ‘मीठ जास्त येण्याचं कारण’ असा रकाना होता. त्यात मी लिहिलं: मीठ. मालकांनी ते दोनदा वाचलं आणि सही केली.