एकाच पुडीचे दोन न्याय

माझ्या आतेभावाला पोलिसांनी धरलं तेव्हा मी ठाण्यात एका व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक होते. ऐंशीच्या दशकाची अखेर होती. गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, पुड्या गल्लीबोळांत मिळायला लागल्या होत्या आणि ओढणाऱ्या पोराला सगळीकडे एकच शब्द होता, गर्दुल्ला. आमच्या डोंबिवलीच्या घरात मात्र तो शब्द कुणी उच्चारत नव्हतं.

भाऊ एकटा सापडला नव्हता. त्याच्याबरोबर कोपरीचा एक कोळ्याचा मुलगा होता. दोघं एकाच कारखान्यात उमेदवारी करायचे, एका डब्यात जेवायचे आणि गर्दही बरोबरच ओढायला लागलेले. खाडीच्या बांधावर दोघांना एकदमच पकडलं. दोघांच्या खिशात सारखाच माल होता.

मी चौकीत पोचले तेव्हा आत्याचे यजमान वकिलाला घेऊन आधीच आलेले. दोघं पोरं बाकावर बसलेली, नाकं वाहतायत, अंग थरथरतंय. चौकीचे साहेब माझ्याशी अगदी सौजन्याने बोलले.

"मॅडम, भावाला तुमच्या केंद्रात घेऊन जा. चांगल्या घरचा मुलगा आहे, वाट चुकलाय."

"आणि हा?"

"तो विकतो."

"कशावरून?"

त्यांनी माझ्याकडे नवलाने पाहिलं. "खाडीवरचा आहे तो."

एवढाच पुरावा. मी वाद घातला, दोघांकडे सारखंच सापडलंय हे पुन्हा पुन्हा सांगितलं. आत्याचे यजमान मला बाहेर ओढून म्हणाले, "आपलं काम झालंय ना? मग उगाच कशाला बिघडवतेस?" कायद्यात स्वतःपुरतं बाळगणारा आणि विकणारा यांत जमीन-अस्मानाचा फरक होता. पहिल्याला थोडकी सजा, वर उपचारांची वाट. दुसऱ्याला दहा वर्षांच्या खाली बात नाही आणि जामीन जवळपास अशक्य. कोण कशात बसतो हे कोर्टाच्या खूप आधी, त्या चौकीतल्या टेबलावर ठरलं.

दुसऱ्या दिवशी मी कोपरीला त्या मुलाच्या आईकडे गेले. ती बाजारात मासळी विकायची. टोपली धुवत होती, हात न थांबवता म्हणाली, "बाय, दोघांना एकाच जागंवर धरला. दोघांचे खिशान तीच पुडी. मंग तुमचा पोर आजारी नि माझा पोर चोर, असा कसा?"

"मावशी, मी बोलले त्यांच्याशी."

"तू बोलून काय व्हनार? तुझे भावाला बोलू दे. जज्जाला खरा काय ता सांगू दे."

भाऊ तोवर आमच्या केंद्रात होता. उलट्या थांबल्या, झोप लागायला लागली, तशी मी त्याच्याकडे विषय काढला. तो लगेच म्हणाला, "ताई, मी सांगतो. तो कुठला विकतोय? पुड्या आणायला जायचो तो मीच." आणि रडायला लागला. मला वाटलं, झालं, सुटला तो मुलगा.

आत्याला कळलं तशी ती केंद्रावर आली. "अगं, हा कोर्टात असं बोलला तर ह्यालाच आत टाकतील. लग्न व्हायचंय त्याचं अजून. तुला आम्ही जवळचे की ती कोळीण?" वकिलाचंही तेच म्हणणं, आणि कायद्याने ते चूक नव्हतं, खरं बोलणारा स्वतःच अडकत होता. त्याच आठवड्यात भावाला नाशिकला काकांकडे पाठवलं. जाताना तो माझ्याशी नजर न मिळवता बोलला, "ताई, बाबांपुढे माझं काही चालत नाही."

खटला उभा राहायलाच दोन वर्षं गेली. तोवर तो मुलगा कच्चा कैदी. त्याची आई टोपली शेजारणीकडे ठेवून भेटीला जायची, कधी मी बरोबर असायचे. शेवटी पंचनाम्यावरच्या पंचाने कोर्टात सांगून टाकलं की मी जागेवर नव्हतोच, सही चौकीत केली. मुलगा निर्दोष सुटला. त्या गेलेल्या वर्षांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. दरम्यान माझा भाऊ दोनदा घसरला होता, दोन्ही वेळा त्याला उपचार मिळाले होते. तिसऱ्यांदा सावरला, नोकरीला लागला, लग्नही झालं. मला त्याचा आनंदच होता. राग इतकाच की घसरून पुन्हा उठायची मुभा आमच्याच घराला होती.

सुटलेल्या मुलाला कारखान्याने उभं केलं नाही. तो परत गर्दकडे वळला आणि पुढे सुईकडे. एकच सुई चौघंपाच जण वापरायचे. दंडात पू झाला तेव्हा आई त्याला घेऊन माझ्याकडे आली. आम्ही दवाखान्यात गेलो तर ड्रेसिंग करणारा म्हणाला, "गर्दुल्ल्यांना इथं हात लावत नाही, आधी सोडून या म्हणावं." मी दारातच फतकल मारून बसले. "हात लावेपर्यंत उठणार नाही." मागच्या रांगेतली माणसं ओरडायला लागली, तेव्हा एक डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि त्यांनी स्वतः जखम धुतली.

त्यानंतर मी केंद्राच्या विश्वस्तांपुढे मागणी ठेवली. जे आज सोडू शकत नाहीत त्यांना निदान कोऱ्या सुया देऊ, जखमा धुऊ, पोलिसांनी धरलं तर वकील देऊ, पोर कुठल्या वस्तीतलं आहे हे न बघता. एड्सचं नाव तेव्हा सगळ्यांनी ऐकलेलं होतं. तरी एक ज्येष्ठ विश्वस्त हसले. "उद्या दारुड्यांना पेले वाटशील."

"ते जगले तर सोडतील ना, सर?"

"समाजात काय संदेश जाईल?"

संदेशाची त्यांना फार काळजी. त्या वर्षी नवरात्रात केंद्राने टेंभी नाक्याजवळ देखावा उभारला. व्यसनाचा राक्षस काळा कुळकुळीत, कमरेला कोळ्यांचा चौकड्याचा रुमाल. त्याच्या तावडीतून सुटणारा तरुण गोरा, चष्मेवाला, हातात पुस्तकं. मी आधी विरोध केला होता. "कलाकाराचं स्वातंत्र्य" असं उत्तर मिळालं. गर्दीत ती कोळीण मला भेटली. देवीला आलेली. देखाव्यापुढे बराच वेळ उभी राहिली.

"बाय, ह्यो आमचा काय?" तिने विचारलं.

दिवाळीनंतर मी केंद्र सोडलं.

पुढची काही वर्षं मी आणि त्या डॉक्टरीणबाई रविवारी दुपारी कोपरीला जायचो, त्या मुलाच्या आईच्या ओटीवर बसून पोरांच्या जखमा धुवायचो, कोऱ्या सुया द्यायचो. पोलिसांनी दोनदा हटकलं. आमचं काम कुणीच काम मानलं नाही. मुलगा मामाच्या होडीवर जायला लागला. गर्द पूर्ण सुटला नाही, कमी झाला. जखम भरली, दंडावर खड्डा राहिला. त्याच्याबरोबर सुई वापरणाऱ्यांतले दोघं गेले. ते आमच्याकडे यायच्या आधीच आजारी पडलेले.

एकदा डोंबिवलीत एका लग्नात ते ज्येष्ठ विश्वस्त भेटले. आपुलकीने म्हणाले, "तो तुझा कोळ्याचा मुलगा, सुटला का शेवटी?"

"जिवंत आहे," मी म्हटलं.

"तसं नव्हे गं. सुटला का?"

मी परत तेच सांगितलं. त्यांनी मान हलवली, वाईट वाटल्यासारखी, आणि ताट घ्यायला गेले.