डोळे मिटून मारलेली गाठ

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला सांगायला तीनदा तोंड उघडलं — आणि तिन्ही वेळा चहा मागितला. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुमचा चेहरा मला दिसत नाही. तेवढं बरं पडतं.

पण आधी पाण्याबद्दल सांगू का? पाण्यापासून सुरुवात केली की मला जरा धीर येतो.

मलकापूर सोडून रत्नागिरीच्या रस्त्यानं थोडं पुढं गेलं आणि डावीकडं उतरलं, की एका धरणाचा फुगवटा लागतो. जानेवारीत तिथं पहाटेपासून धुकं बसलेलं असतं. पाणी कुठं संपलं आणि हवा कुठं सुरू झाली, कळत नाही. मधेच एखादा मासा उसळतो, आवाज येतो, दिसत मात्र काही नाही — थोड्या वेळानं नुसती वर्तुळं काठाला येऊन लागतात. त्या काठावर मी आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या सकाळी घालवल्या. आणि एक वाईट. स्वप्नात येते ती नेमकी वाईट. आणि स्वप्नातही ती सुंदरच दिसते. आता याचं काय करायचं, सांगा.

कोल्हापूरच्या शाहूपुरीत माझं गळाच्या सामानाचं दुकान. नव्वदच्या आसपास टाकलं तेव्हा वडील कपाळाला हात लावून बसले. "आपल्या घरात अंडं सुदीक शिजत न्हाय, आन तू गळ इकणार व्हय रं?" खरं होतं त्यांचं. आम्ही लिंगायत, मासा मी आजतागायत चाखलेला नाही. धरतो, बघतो, सोडून देतो. गावानं यावरून माझी यथेच्छ टिंगल केली. पण दुकान चाललं, आणि चाललं ते गाठीवर. गळ आणि तंगूस — म्हणजे ती नायलॉनची बारीक दोरी — यांना जोडणारी गाठ. रंकाळ्यापासून कळंब्यापर्यंत बोललं जायचं, अप्पाची गाठ सुटत न्हाय. मी ती गिऱ्हाइकाला डोळे मिटून मारून दाखवायचो. कुणी मागितलं नसलं तरी दाखवायचो. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं याच्यातूनच आलं.

दोन हजार सालानंतर कधीतरी एक साहेब दक्षिणेतल्या चहाच्या मळ्यातून निवृत्त होऊन कोल्हापूरला आले. त्यांनी आम्हाला फ्लाय फिशिंग शिकवलं. यात गांडूळ नाही, कणकेची गोळी नाही. कोंबड्याच्या मानेची पिसं गळावर दोऱ्यानं गुंडाळून केलेली एक खोटी माशी. तिला वजन नसतं, म्हणून बारीक तंगुसाच्या मागं एक जाड पिवळी दोरी असते. ती काठीनं हवेत मागं-पुढं खेळवायची आणि माशी पाण्यावर अशी ठेवायची, की जणू तीच आपल्या मर्जीनं येऊन बसली. साहेबांच्या पत्नी लहान मुलांच्या डॉक्टर. स्नायूंचा एक आजार असतो, ज्यात मुलांच्या हातापायातली ताकद वर्षागणिक उतरत जाते. त्या मुलांच्या उपचारांसाठी, चाकाच्या खुर्च्यांसाठी दोघांनी मिळून वर्षातून एकदा त्या फुगवट्यावर स्पर्धा सुरू केली. नियम एकच आणि फार गोड. प्रत्येक गळवाल्याच्या जोडीला एक आजारी मूल. काठी मुलानं धरायची, बाकीचं गळवाल्यानं. मासा मोजायचा आणि सोडायचा.

माझ्या जोडीला प्रज्ञा आली. दहा वर्षांची. वडील मिलिंद, कबनूरला यंत्रमागावर कामाला. पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा दारातूनच म्हणाला, "जय भीम, पावणं. पोरगीला शिकवणार त्ये तुमीच न्हवं?" दोन रविवारांत त्याच्या तोंडी मी पावणंचा अप्पा झालो होतो. तो पोरीला पाठुंगळीला मारून आणायचा, आणि मी दुकानामागच्या मोकळ्या जागेत तिला खुर्चीत बसवून काठी द्यायचो. गळाऐवजी दोरीच्या टोकाला लाल लोकरीचा तुकडा. माझा हात तिच्या हातावर. दोरी हवेत मागं गेली, वळली, पुढं आली. प्रज्ञा मान वर करून बघत राहिली आणि म्हणाली, "काका, ळ निघाला बघा."

खरंच, दोरीचा हवेत ळ निघाला होता. इतकी वर्षं काठी हातात धरली, पण मला कधी दिसला नव्हता.

तिला मी एकच गोष्ट घोकून घेतली. मासा लागला की काठी उभी ठेवायची. उभी काठी वाकते आणि ताण अंगावर घेते. काठी खाली आली की सगळा हिसका त्या बारीक तंगुसावर येतो आणि ते तुटतं. तिनं हे इतकं मनावर घेतलं, की मिलिंदनं घरी बांबूला पाण्याची बाटली बांधून दिली होती. शाळेतून आली की ती भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत तो बांबू उभा धरून बसायची. आज काटा कुठवर गेला ते मला रविवारी सांगायची. ज्या पोरीचा हात पेला धरताना थरथरायचा, तिला आयुष्यात पहिल्यांदा असं काही मिळालं होतं जे रोज थोडं वाढत होतं. हे मला कळत होतं. कळत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

मग ती सकाळ.

धुकं होतंच. काठावर दहा-बारा खुर्च्या, चाकांमागं दगड लावलेले, मुलांच्या टोप्यांचे रंग तेवढे दिसत होते. मंडप, चहा, पेपरवाल्यांचा कॅमेरा, आणि प्रमुख पाहुण्या म्हणून रेशमी साडीतल्या एक बाई. साहेब त्यांना घेऊन माझ्याकडं आले. म्हणाले, "अप्पा, तुमची ती डोळे मिटून गाठ दाखवा ना मॅडमना."

आता ही गाठ आवळताना एक गोष्ट करावी लागते. तंगूस तोंडात घालून थुंकीनं ओलं करायचं. कोरडं आवळलं तर नायलॉन स्वतःवरच घासतं, तापतं, आणि वेढे नीट बसत नाहीत. दिसायला गाठ तशीच दिसते. हे मी हजार गिऱ्हाइकांना सांगितलं असेल. पण त्या बाईंसमोर, कॅमेऱ्यासमोर — मला तोंडात दोरी घालायची लाज वाटली. एवढंच. डोळे मिटले, हसत हसत प्रज्ञाच्याच माशीची गाठ मारली आणि कोरडीच आवळली. बोटाखाली बारीक करकर झाली. मला ती जाणवली, मी ओळखली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. प्रज्ञानंही वाजवल्या, तिच्या टाळ्यांचा आवाज व्हायचा नाही. मग पुन्हा गाठ मारत बसलो तर काय दिसेल, म्हणून मी ती तशीच ठेवली.

तासाभरानं ऊन धुक्यातून उतरायला लागलं, आणि मासा लागला.

महसीर होता. त्या पाण्यात तो असतो असं आम्ही नुसतं ऐकत आलो होतो. दोरी सुर्रकन पाण्यात गेली आणि काठी धनुष्यासारखी वाकली. काठीचं बूड खुर्चीच्या पट्ट्यात खोवलेलं, प्रज्ञाचे दोन्ही हात काठीवर, मी मागं उभा राहून दोरी सोडत होतो, ओढत होतो. किती वेळ? मला सांगता येणार नाही. तिच्या मानेवर घाम आला होता आणि ती श्वासागणिक स्वतःशीच म्हणत होती, "उभी... उभी... उभी." काठावरची सगळी माणसं गोळा झाली. एकदाच तो मासा वर आला. सोनेरी पाठ, तळहाताएवढे खवले. पुन्हा आत गेला. आणि मग — काहीच नाही. काठी सरळ झाली. पिवळी दोरी पाण्यावर नुसती पडून राहिली.

मी दोरी गोळा केली. टोक हातात आलं. माशी नव्हती.

तंगूस तुटलं तर टोक सरळ असतं. गाठ निसटली तर टोकाला बारीक कुरळं वळण राहतं, डुकराच्या शेपटीसारखं. माझ्या हातातलं टोक कुरळं होतं.

"काय झालं हो अप्पा?" कुणीतरी विचारलं. साहेब बघत होते. बाई बघत होत्या. माझी दोन-चार गिऱ्हाइकं बघत होती.

आणि मी म्हणालो, "हात खाली आला पोरीचा. तंगूस तुटलं."

हेच ते. एवढंच वाक्य. उच्चारायला किती वेळ लागला असेल?

प्रज्ञानं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. "न्हाय काका. मी उभीच धरलीती की."

तिथं मला दुसरी संधी होती. हातात टोक होतं, मुठीत. पण मी तिच्या टोपीवरून हात फिरवला आणि समजुतीच्या सुरात — तो सूर मला अजून ऐकू येतो — म्हणालो, "आली गं बाळ थोडी खाली. होतं असं. तुझ्या लक्षात नाही आलं."

ती तिच्या हातांकडं बघत बसली. मग म्हणाली, "आली आसंल. कधी कधी माझं मलाच कळत न्हाय. सॉरी काका."

मिलिंद जवळ आला. माझ्यापुढं तळहात धरला. "बगू." मी मूठ उघडली. काय करणार होतो? जो माणूस रोज बारा तास मागावर तुटलेली सुतं जोडतो, त्याला तुटलेलं आणि सुटलेलं काय मी शिकवायचं? त्यानं ते टोक दोन बोटांत फिरवलं, उजेडाकडं धरलं. मग साहेबांकडं पाहिलं, डॉक्टरबाईंकडं पाहिलं, पोरीच्या खुर्चीकडं पाहिलं. ती खुर्ची त्याच स्पर्धेच्या पैशांतून मिळालेली होती. टोक त्यानं माझ्या हातात परत ठेवलं.

"व्हय," तो म्हणाला. "तसंच झालं आसंल, पावणं."

त्यानंतर त्यानं मला कधी अप्पा म्हटलं नाही.

संध्याकाळी आम्हाला प्रयत्नांबद्दल एक पदक मिळालं. ते मीच तिच्या गळ्यात घातलं. पेपरात फोटो आला. माझ्या दुकानात लोक तो दाखवून म्हणायचे, केवढी माया लावलीय अप्पांनी त्या पोरीला. मी नको नको म्हणायचो, आणि फोटो काउंटरच्या काचेखाली होता.

पुढच्या वर्षी जोड्या लावताना डॉक्टरबाईंनी प्रज्ञाचं नाव पुन्हा माझ्यापुढं घेतलं. तिनं काठीला हात लावला नाही. "दुसऱ्या कुणाला तरी द्या. माझ्या हातनं सुटतंय." रडत नव्हती, हसूनच म्हणाली. चटका बसला तो मला. दिवसभर ती काठावर बसून इतर मुलांना ओरडून सांगत होती, उभी धरा, उभी धरा, माझ्यासारखं करू नका. लोक हसत होते. कौतुकानंच. मीही हसलो.

तिच्या आईकडून नंतर कळलं, की बांबूची बाटली त्या जानेवारीतच सोडून ठेवली होती. घड्याळाकडं बघणं बंद. पेला दिला तर म्हणायची, तूच धर, सांडंल. आजार पुढं सरकलाच असता, डॉक्टरबाईही तेच सांगत. पण त्या वाक्याआड मला जाता येत नाही. आजारानं तिची ताकद घेतली असती. तिचा तिच्या हातावरचा विश्वास मी घेतला.

मिलिंद एकदाच दुकानात आला, दोन-तीन वर्षांनी, भरदुपारी. गिऱ्हाईक नव्हतं. म्हणाला, "ती गाठ कशी मारत्यात, दावा जरा." मी गळ घेतला, तंगूस घेतलं. डोळे उघडे ठेवले. वेढे दिले. आणि घाईघाईनं आवळायला गेलो.

"वलं करा की आदी," तो म्हणाला. "आमी सूत बी थुकी लावूनच बांदतो."

मी तंगूस तोंडात धरलं. तो बघत उभा राहिला. गाठ पुरी झाली तशी त्यानं ती बोटानं चाचपली, मान हलवली आणि काही न घेता निघून गेला. मी त्याच्या मागं पायरीपर्यंत गेलो. हाक मारली नाही.

तेव्हाही नाही, तुम्ही म्हणाल. हो, तेव्हाही नाही.

प्रज्ञा आता मोठी झाली आहे. खुर्चीतच असते, बोटं मोजकीच चालतात, पण बोलणं अजून तसंच खणखणीत आहे म्हणे. तो मासा ती पाहुण्यांना अजून रंगवून सांगते: सोनेरी पाठ, तळहाताएवढे खवले, आणि शेवटी, मग माझा हात खाली आला.

मला अजून पहाटे ते धुकं दिसतं. दोरी वर जाते, ळ निघतो, तिचा आवाज येतो, उभी... उभी... आणि मी तिच्या मागं उभा असतो, तिच्या दोन्ही हातांकडं बघत, त्या दिवशी बघत होतो तसाच.

तिचा हात खाली आला नव्हता. मासा सुटला तेव्हाही काठी उभीच होती.