गंजलेल्या टाचण्या

माझ्या बाळांनो, तुम्ही क्युपर्टिनोहून इथे, अमेरिकेतल्याच या डब्लिनला आला होतात, तेव्हा पलीकडच्या घरातल्या आजोबांनी तुम्हाला बेसबॉलचा जुना हातमोजा दाखवला होता. त्यांच्याबद्दल लिहायचं आहे. तुमची आजी फार व्यवस्थित, असं तुम्ही सगळ्यांना सांगता, म्हणून तर लिहायलाच हवं.

जुन्या काळी बेसबॉलचे काही अंपायर बॉक्सिंगचे रेफरीही असायचे. आजोबा अशा माणसांचा शोध घेत होते. "खेळाडू अंगावर धावून यायचे, लोक बाटल्या फेकायचे. तिथे ठोशाला न घाबरणाराच माणूस हवा!" असं ते मूठ उगारून सांगायचे. त्यांचे स्वतःचे आजोबा त्यातलेच. पण बॉक्सिंगला जिथे बंदी होती तिथे ते दुसऱ्याच नावाने रेफरी म्हणून उभे राहायचे. ही दोन नावं एकाच माणसाची, हे पलीकडच्या आजोबांना आपल्या हयातीत कागदावर आणायचं होतं.

त्यांची नजर अधू झाली, तेव्हा मी आपण होऊन म्हटलं, "कात्रणं मी लावून देते." कॉलेजच्या ग्रंथालयात मी आयुष्य घालवलेलं. त्यांनी तीन खोकी माझ्याकडे दिली. मी दोन फाइली केल्या: एक बेसबॉलची, एक बॉक्सिंगची. पुष्कळ कात्रणं दोन-दोन अशी टाचणीने जोडलेली होती. टाचण्या गंजून कागद खराब होत होता. मी त्या एकेक काढल्या, गंजलेल्या कडा कात्रीने सरळ कापल्या आणि प्रत्येक कात्रण आपापल्या फाइलीत लावलं.

फाइली हातात घेऊन आजोबा खूश झाले. मग पानांवरून बोटं फिरवू लागले. "टाचण्या कुठे आहेत?"

बेसबॉलचं कोणतं कात्रण आणि बॉक्सिंगचं कोणतं एकाच माणसाचं, हे त्यांनी गावोगावच्या लायब्ररींत बसून ठरवलं होतं. लिहून काहीच ठेवलं नव्हतं. टाचणी हीच खूण.

मी म्हणाले, "टाचण्या नव्हत्या."

इतकं सहज कसं निघालं तोंडातून, कोण जाणे. त्यांनी पानाची कड पुन्हा चाचपली. मग म्हणाले, "लावल्यासारखं आठवतंय मला. नसतील लावल्या. वय झालं."

त्यानंतर ते साध्या साध्या गोष्टी मला विचारू लागले. "आज बुधवारच ना? गोळी घेतली का मी?" त्यांची लेक मला हळूच म्हणाली, "डॅड हल्ली विसरतात, डॉक्टरांना दाखवायला हवं." मी मान हलवली.

आपल्याकडे टाचणीसुद्धा कोणी टाकत नाही. मी काढलेल्या त्या टाचण्या दह्याच्या रिकाम्या डब्यात होत्या. शेवटी काल तो डबा त्यांच्यासमोर ठेवला आणि सगळं सांगितलं.

त्यांनी डबा हलवून आवाज ऐकला. "म्हणजे मी लावल्या होत्या!" चेहरा असा उजळला की मला बघवेना. रागाचा एक शब्द नाही. घाईने खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "मग तू जोड्या बघितल्या आहेस. माझ्या आजोबांची कोणती दोन होती?"

बाळांनो, मी ती वाचलीच नव्हती. मथळा बघायचा आणि फाइलीत लावायचं, एवढंच केलं होतं.

"मला माहीत नाही," मी म्हणाले. त्यांनी डब्याचं झाकण लावलं. मग तो मला परत न देता आपल्या मांडीवर ठेवून घेतला.