समईसारखी घासलेली होडी

माझ्या सासऱ्यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते कमरेपर्यंत खाडीत उभे होते आणि पेढ्यांचा पुडा त्यांनी डोक्यावर धरला होता.

मुलगी बघायला आलेल्या माणसाने खाडीत उभं राहायची आमच्यात पद्धत नाही. पद्धत अशी, की त्याने बाहेरच्या खोलीत जाजमावर बसायचं, मुलीने खाली मान घालून पोहे आणायचे, आणि तिला स्वयंपाक येतो का, हे तिच्या आईला विचारायचं! पण आमच्या घरी होडी होती. होडी असलेल्या घरात काहीही पद्धतशीर होत नाही, हे मी अनुभवाने सांगते.

आम्ही तेव्हा डोंबिवलीत राहायचो. अण्णा, म्हणजे माझे वडील, ठाण्याला कचेरीत कारकून. स्वातंत्र्य अजून नवंनवं होतं. साहेबलोक गाशा गुंडाळून विलायतेला चालले होते, आणि ठाण्यातल्या एका बंगल्याच्या सामानाचा लिलाव निघाला. आईने अण्णांना तिथे कपाट आणायला धाडलं. अण्णा होडी घेऊन आले.

"कपाट कुठाय?" आईने विचारलं.

"कपाटात ठेवायला आहे काय आपल्याकडे? ही बघ! अस्सल सागवानी! साहेब हिच्यातून मासे धरायला जायचा."

"आपण मासे खात नाही."

"म्हणून होडीत बसायचं नाही? आमचे पूर्वज कोकणातले! दर्या आमच्या रक्तात आहे!"

(अण्णांचे पूर्वज गणपतीच्या देवळात पुजारी होते. आणि अण्णांना झोपाळ्यावर बसलं तरी गरगरायचं.)

दर्या रक्तात राहिला आणि होडी आमच्या परसात पालथी पडली, ती चांगली तीन-चार वर्षं. आई तिच्या पाठीवर पापड वाळत घालायची. साहेबाने लावलेला निळा रंग ऊन-पाऊस खाऊन जुन्या पातळासारखा विटला होता, आणि पापडाबरोबर त्याचे पोपडेही निघून यायचे. एकदा आईने ते तळलेही असते, पण शेजारच्या गोदाकाकू वेळेवर ओरडल्या.

मला तेव्हा विसावं सरलं होतं. त्या काळच्या मानाने मी म्हणजे जवळजवळ म्हातारीच! आलेली स्थळं पोहे खाऊन जायची, आणि जायची ती जायचीच. अशात खाडीपलीकडच्या गावातलं एक स्थळ आलं. घर चांगलं, मुलगा कल्याणजवळ मोहने गावी कारखान्यात नोकरीला, राहायला क्वार्टर. हे सगळं आई-अण्णांना आवडलं. मला मुलगाच आवडला होता. कल्याणला एका मुंजीत मी त्याला पंक्तीत वाढताना बघितलं होतं. मी "नको, नको" म्हणत असताना त्याने माझ्या पानात दोन जिलब्या वाढल्या आणि मान वर करून हसला. मुलीच्या जातीने एवढ्यावर जीव जडवू नये, पण जडला खरा. हे स्थळ हातचं गेलं असतं, तर मी जन्मभर जिलबी खाल्ली नसती.

पाहुणे नेहमीच्या तरीने, म्हणजे भाड्याच्या नावेने, आले असते, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण मध्यस्थ घरी आले आणि अण्णांच्या रक्तातल्या दर्याला भरती आली. "छे छे! तरीने कशाला? आमची स्वतःची होडी पाठवतो की!"

मध्यस्थांनी पलीकडे जाऊन सांगितलं, "साहेबी होडी आहे. आरशासारखी चकचकीत!"

हे ऐकून अण्णा परसात गेले, होडीकडे बराच वेळ बघत उभे राहिले आणि घाम पुसत आत आले.

"रंग लावायला हवा."

"परवा येतायत माणसं," आई म्हणाली. "वाळणार कधी? त्यापेक्षा आपण घासू या ना!"

चिंचेने सुधारत नाही अशी वस्तू जगात नाही, यावर माझ्या आईचा देवाइतकाच विश्वास होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आई, मी आणि गोदाकाकू पदर खोचून परसात उतरलो. चिंच होती, राख होती, विटेची पूड होती, काथ्या होता. दिवाळीआधी देवाची भांडी घासावीत तशी आम्ही ती होडी घासली! निळा रंग भराभर सुटला आणि खालून पिवळंधमक सागवान वर आलं.

"अगोबाई! हिच्या पोटात सोनंच आहे की गं!" गोदाकाकू ओरडल्या.

फक्त एक गोष्ट खटकत होती. दर दोन फळ्यांच्या मधल्या सांध्यात काळाकुट्ट चिकट मळ बसला होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसता मळ!

"शी! साहेबलोक अंघोळ करत नाहीत म्हणतात, ते उगीच नाही," आई म्हणाली.

इथे माझा उत्साह उतू गेला. समईच्या नक्षीत अडकलेला मळ काढावा तर मीच, अशी आमच्या आळीत माझी ख्याती होती. मी अंबाड्यातला आकडा उपसला आणि होडीला भिडले. सांध्यात आकडा घालायचा, जरा फिरवायचा आणि ओढायचा, की वीतभर काळी वात बाहेर! त्या मळात कापूससुद्धा होता.

"कापूस कसा गं आला?"

"गादी टाकून बसत असेल मेला!"

दुपारपर्यंत मी सूपभर मळ काढला. आईने तो बंबात घातला. पाणी इतकं झटपट तापलं, की अण्णा अंघोळ करताना किंचाळले. (डांबर चांगलं पेटतं, हे ज्ञान मला पुढे आयुष्यभर पुरलं.) मग आम्ही होडीला घरचं खोबरेल चोळलं. काय सांगू! कावळा वरून उडाला तरी त्याचं प्रतिबिंब दिसत होतं! शेजारपाजारच्या बायका येऊन त्यात बघून कुंकू नीट करून गेल्या.

आतल्या बाजूलाही तेल लावावं म्हणून मी पालथ्या होडीखाली सरपटत शिरले. आत सगळीकडे उन्हाचे उभे-आडवे पट्टे पडले होते.

"आई, आत किती छान उजेड येतोय गं!"

"येणारच! स्वच्छता ठेवली की उजेड येतोच," बाहेरून आई म्हणाली.

तेवढ्यात अण्णा कौतुकाने होडीवर हात फिरवायला आले. माझ्या नाकासमोर फळ्यांमधून एक बोट आत आलं.

"अण्णा, तुमचं बोट आत आलंय."

बोट हळूच बाहेर गेलं. मग अण्णांचा बारीक आवाज आला. "लाकूड आहे. पाण्यात फुगतं. फटी आपोआप बुजतात... असं ऐकलंय."

"फुगेल तेव्हा फुगेल," आई म्हणाली. "तोवर कणीक लावू या."

आता तुम्ही हसाल, पण आमच्या घरात पातेल्याच्या झाकणातून वाफ जायला लागली की आई कणीक लावायची, गळक्या घागरीलाही कणीक लावायची. घागर आणि होडी यांत फरक काय? एकीत पाणी आत ठेवायचं, दुसरीत बाहेर! मी मोठी परात घेऊन कणीक मळली. फळ्यांच्या रंगाशी जुळावी म्हणून तिच्यात हळद घातली आणि चांगलं तेलाचं मोहन दिलं. रात्रीपर्यंत सांधा न् सांधा बुजवला. त्या दिवशी घरात पोळ्या झाल्या नाहीत. पीठच उरलं नव्हतं.

सकाळी बैलगाडीवर घालून होडी मोठागावच्या बंदरावर नेली. वाटेत कावळे मागे लागले, त्यांना मी टॉवेलने हाकललं. होडी वल्हवायला गोमा नाखवा येणार होता. सगळं आयुष्य खाडीवर काढलेला माणूस. हा आता काहीतरी खोट काढणार, असं मला वाटलं. गोमाने होडी पाहिली, वाकला, आणि फळीत बघून मिशीला पीळ दिला.

"आगं बाय! ही होरी हाय का आरसा?" मग सांध्यावर बोट दाबून म्हणाला, "ह्यात काय भरलंय?"

"घरचंच आहे," आई म्हणाली.

"घरचा माल हाय? मंग बेस!" आणि त्याने पुन्हा मिशी बघितली.

अण्णा फळी घट्ट धरून, डोळे मिटून बसले आणि होडी पलीकडे निघाली. खरं तर मी घरी जाऊन पोहे भिजवायचे होते. पण माझा जीव त्या होडीत होता, पाय निघेना. पाहुण्यांच्या पायांवर पाणी घालायला आणलेला तांब्या कवटाळून मी आईच्या मागे उभी राहिले.

थोड्या वेळाने होडी परत निघाली. काय दिसत होती! उन्हात नुसती झळाळत होती. बंदरावरची माणसं जाळी टाकून बघायला उभी राहिली. होडीच्या चहूबाजूंनी पाणी उसळत होतं, मासेच मासे! लांबून एक भारदस्त आवाज आला, "वा! मासे सलामी द्यायला आले की हो!"

"शुभशकुन आहे गं," आई हात जोडून म्हणाली.

तेवढ्यात एका माशाने उडी मारली. त्याच्या तोंडात पिवळं काहीतरी होतं. कणीक मी मळलेली. मी ओळखणार नाही?

"आई," मी म्हटलं, "शुभशकुन जेवतोय."

होडी जवळ येत होती, पण मोठी दिसायच्या ऐवजी ठेंगणी होत होती. आता आतले आवाज स्पष्ट ऐकू येऊ लागले.

"अहो, पाय ओले होतायत."

"खाडी आहे! ओल असायचीच!" हे अण्णा. डोळे अजून मिटलेलेच.

"अण्णा, पानी आत येतंय!"

"येऊ दे, येऊ दे! लाकूड फुगेल!"

आणि किनारा हाकेवर असताना आमची होडी, एखादी दमलेली बाई पाटावर बसते तशी, अलगद चिखलात बसली. गोमा नाखवा वल्हं धरून उभा राहिला. अण्णांनी डोळे उघडले आणि पुन्हा मिटले. मध्यस्थ "नारायण, नारायण" करायला लागले. आणि भावी सासरे कमरेइतक्या पाण्यात उभे राहून पेढ्यांचा पुडा डोक्यावर घेते झाले.

मग काय झालं ते मलाही कळलं नाही. नवं पातळ, खाली मान, पोहे, सगळं विसरून मी तांब्यासकट खाडीत धावले आणि होडीतलं पाणी उपसायला लागले! (होडी तळाशी. वर सगळी खाडी. आणि मी एक तांब्या घेऊन.) डोळ्यांत पाणी आलं होतं. गेलं, हेही स्थळ गेलं, आणि या वेळी मी माझ्या हाताने, माझ्या आकड्याने घालवलं! दिसत काहीच नव्हतं, उपसलेलं पाणी कुठे जातंय तेही नाही.

"अहो!" कोणीतरी म्हणालं. "हे दोन तांबे त्या मुंजीतल्या दोन जिलब्यांचे का?"

मी वर पाहिलं. तोच मुलगा! डोक्यापासून भिजलेला, कानात खाडीचा चिखल, आणि हसतोय! म्हणजे जिलब्या त्याच्याही लक्षात होत्या! मुलीने अशा वेळी लाजून जमिनीकडे बघायचं असतं. जमीन गढूळ पाण्याखाली होती, म्हणून मी सरळ त्याच्याकडेच बघितलं आणि मलाही हसू फुटलं.

तासाभराने सगळे आमच्या बाहेरच्या खोलीत जाजमावर बसले. पाहुण्यांना अण्णांची धोतरं दिली. ती पुरली नाहीत, म्हणून मुलगा आईच्या फुलाफुलांच्या सोलापुरी चादरीत बसला होता. (तिच्यात तो फार छान दिसत होता, हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.) अण्णा कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसलेले. पोहे आईच घेऊन आली. सासऱ्यांनी बाजूला ठेवलेल्या आपल्या ओल्या धोतराच्या सोग्यातून पिवळ्या कणकेचा एक गोळा काढला, चिमटीत दाबून बघितला आणि आईला विचारलं,

"ही कणीक कोणी मळली?"

आईचा चेहरा पांढरा पडला. "हिनेच... आमच्या मुलीने."

"आणि होडी कोणी घासली?"

"तीही हिनेच."

सासऱ्यांनी गोळा पुन्हा दाबला. मी दाराआडून बघत होते.

"उत्तम मळलीय," ते म्हणाले. "मासे काय उगीच एवढ्या लांबवर मागे येतात? आणि घासण्यात हयगय नाही. आम्हाला मुलगी पसंत आहे." मग अण्णांच्या पाठीकडे वळून म्हणाले, "मात्र व्याहीबुवा, वरात बैलगाडीने नेऊ."

अण्णा तिथेच रडले. आई रडली. मी दाराआडून थेट स्वयंपाकघरात जाऊन, तोंडात पदर कोंबून, पोट दुखेपर्यंत हसले. होडी चिखलातून काढून परत परसात आणली आणि तिच्यात अळू लावलं. खाली फटी असल्यामुळे पाण्याचा निचरा फार चांगला व्हायचा.

लग्न होऊन मी मोहन्याला क्वार्टरमध्ये आले. पहिल्या सकाळी, संसार लावून द्यायला आलेल्या सासूबाईंनी मला सगळी भांडी दाखवली. मग मोरीतल्या पाण्याच्या पिंपाशी उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "हे बघ सूनबाई, सगळं घर घास, माझी ना नाही. फक्त या पिंपाच्या बुडाशी ते काळं दिसतंय ना, त्याला आकडा लावू नकोस. ते मुद्दाम लावलंय."

मी मान डोलावली. आणि देवाशप्पथ सांगते, दिवाळी जवळ येईपर्यंत मी त्याला हातसुद्धा लावला नाही.