पायलट रस्ता ओलांडतो

डेपोत त्याला सगळे पायलट म्हणत, आणि निवृत्त झाल्यावरही ते नाव चिकटलं ते चिकटलंच. जन्मभर शहराची बस चालवली, पण एकही अपघात नाही. ही गोष्ट तो ओळख होताच सांगायचा, आणि समोरच्याला आधीच माहीत असली तरी पुन्हा सांगायचा. पायी चालणाऱ्यांबद्दल त्याचं मत काही बरं नव्हतं. कुणी मध्येच पळत आडवं आलं की खिडकीतून मान बाहेर काढून तो ओरडायचा, "घरी सांगून आलास का रे?" आणि मग निवृत्त झाल्यावर स्वारी स्वतःच पायी चालणाऱ्यांत जमा झाली.

त्याची थोरली बहीण रस्त्याच्या अगदी पलीकडे राहायची. आई लवकर गेली तेव्हा या ताईनेच त्याला लहानाचा मोठा केला होता. आता तिचे पाय गेले होते. घरात लेक आणि जावई होते, पण दोघंही दिवसभर कामावर. म्हणून पायलट रोज दुपारी तिच्याकडे जायचा आणि दोघं पत्ते खेळायची. ताई सर्रास लबाडी करायची, तो ती न दिसल्यासारखं करायचा, आणि हरल्यावर खरोखरच चिडायचा.

मग तो रस्ता रुंद झाला. झाडं गेली, फुटपाथ गेला, आणि गाड्यांना मोकळं रान मिळालं. पायलट नेहमीप्रमाणे निघाला आणि कडेला येऊन थबकला. दुसऱ्या कुणाला नुसत्या गाड्या दिसल्या असत्या. याला मात्र प्रत्येक ड्रायव्हरचं लक्ष कुठे नाही तेवढंच दिसत होतं. तो फोनवर बोलतोय, ह्याला आरशात मागचं दिसतंय पण पुढचं नाही, आणि त्या ट्रकला आता देवही थांबवू शकत नाही. त्याने एक पाय खाली टाकला, मागे घेतला. आणि तसाच माघारी वळला. घरी येऊन त्याने ताईला फोन केला, "गुडघा धरलाय गं जरा."

तो गुडघा कित्येक महिने धरलेलाच राहिला.

रोज दुपारी तो "फेरी मारून येतो" म्हणून निघायचा, रस्त्याच्या कडेला खांबाशी उभा राहायचा आणि परत यायचा. सुनेच्या हे लक्षात आलं. ती म्हणाली, "बाबा, मी सोडते ना पलीकडे. हात धरून..."

"हात धरून? मला?" पायलट असा काही भडकला की तिने पुन्हा विषय काढला नाही. समोर दिसणाऱ्या घरी जायला रिक्षा करणं तर त्याच्या स्वभावातच नव्हतं.

पुढे पायी चालणाऱ्यांच्या सुरक्षेसाठी सरकारकडून पैसे मंजूर झाले आणि पालिकेने वस्तीतल्या लोकांची बैठक बोलावली. तरुण इंजिनिअर बाई नकाशा लावून समजावत होत्या. दोन्ही बाजूंना फुटपाथ होईल, रस्त्याच्या मधोमध थांबायला उंच जागा, पायी चालणाऱ्यांसाठी वेगळा सिग्नल, आणि बटण दाबलं की गाड्या थांबणार. आता याच्याइतकी या कामाची गरज त्या सभागृहात दुसऱ्या कुणाला नव्हती. पण ड्रायव्हरचं रक्त ते! पायलट ताडकन उभा राहिला.

"बटण दाबून बस थांबवायची म्हणजे काय दारावरची बेल आहे का? लोकांना कामावर जायचं असतं! पैसे आलेत म्हणून उधळायचे काय?"

सून त्याचा शर्ट ओढत होती. बाई शांतपणे म्हणाल्या, "काका, तुम्ही इथलेच ना? तुम्ही कसा ओलांडता हा रस्ता?"

पायलट दाराकडे बघायला लागला. "मला नसतं पलीकडे काही काम," तो म्हणाला आणि खाली बसला. त्या वाक्याने त्याचं त्यालाच इतकं वाईट वाटलं की रात्री जेवण गेलं नाही. जिने भरवून वाढवलं, ती बहीण म्हणजे 'काही काम नाही'!

त्याच्या भाषणाला कुणी भीक घातली नाही, हे त्याचं नशीब. काम झालं. सिग्नल सुरू झाला त्या दुपारी इंजिनिअर बाई स्वतः हजर होत्या. पायलट नव्या कोऱ्या फुटपाथवर येऊन उभा राहिला. समोर हिरवा दिवा लागला. इतकी वर्षं हिरवा दिवा म्हणजे निघायचं, हे त्याच्या पायांत भिनलेलं. तो निघाला.

दिवा गाड्यांचा होता.

कर्कश ब्रेक लागला आणि बस त्याच्यापासून हातभरावर थांबली. खिडकीतून पोरसवद्या ड्रायव्हरची मान बाहेर आली, "ओ आजोबा! घरी सांगून आलात का?"

इंजिनिअर बाईंनी त्याला दंडाला धरून मागे घेतलं. "काका, तुमचा दिवा तो नाही. तो छोटा माणूस दिसतोय ना, तो तुमचा. तुम्ही आता गाडी नाही, माणूस आहात."

पायलटला वाटलं, सरळ घरी जावं. पण आज परत फिरलो तर पुन्हा कधीच जाणार नाही, हेही त्याला स्वच्छ कळत होतं. त्याने बटण दाबलं. गाड्या थांबल्या, छोटा माणूस हिरवा झाला. बससमोरून जाताना त्याने मान वर करून पाहिलं. जन्म बसमध्ये गेला, पण खालून ती इतकी अक्राळविक्राळ दिसते हे त्याला माहीतच नव्हतं. आपण ज्यांच्यावर ओरडलो त्या सगळ्यांना ती अशीच दिसली असणार, या विचाराने तो मनातून ओशाळला. मधल्या जागेवर तो थांबला, दम खाल्ला, पुन्हा बटण दाबलं, आणि पलीकडे पोचला.

ताई खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. पत्ते पिसून तयार होते.

"गुडघा आता जरा बरा..." त्याने सुरुवात केली.

"त्या बिचाऱ्या गुडघ्यावर कशाला घालतोस?" ताई म्हणाली. "रोज त्या खांबाशी येऊन उभा राहायचास. पाय खाली टाकायचास, मागे घ्यायचास. ही खिडकी काय शोभेला आहे?"

पायलट मटकन बसला. "मग फोनवर बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर हट्टाने धावत आला असतास. ओळखते मी तुला."

"ताई, मला भीती वाटते गं त्या रस्त्याची," तो म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांना धारा लागल्या.

ताईने पत्ते खाली ठेवले. "मला नव्हती वाटत होय रे? रोज तू पाठ फिरवून घराकडे निघालास की मग माझ्या घशाखाली घास उतरायचा."